सीप्लेनचं पाण्यावरून उड्डाण: प्राथमिक आराखड्यात अंदाज कसा बांधायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानाचा आराखडा करणारे विद्यार्थी आणि नव्याने या कामात पडलेले इंजिनिअर जे प्रश्न हमखास विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पंख, इंजिन आणि एकूण वजन कागदावर आलं आहे, पण फ्लोटच्या, म्हणजे विमानाला पाण्यावर तरंगवणाऱ्या नावेसारख्या भागाच्या, रेषा अजून काढलेल्या नाहीत आणि पाण्याच्या टाकीत प्रतिकृती ओढून करायच्या चाचणीचा पत्ताच नाही, अशा टप्प्यासाठी ही उत्तरं आहेत. हत्यार म्हणून एक स्प्रेडशीट पुरते.

या टप्प्यावर नेमकं काय काढायचं? धावेचं अंतरच ना?

अंतर काढाच, पण ते नंतर. आधी एवढंच बघा की हे विमान पाण्यातून वर येतं की नाही. धावपट्टीवरच्या विमानाला थ्रस्ट (इंजिन-प्रोपेलरचा पुढे ढकलणारा जोर) थोडा कमी पडला तर ते जास्त धावतं आणि शेवटी उडतं. सीप्लेनचं तसं नसतं. एका ठराविक वेगाला पाण्याचा रोध चढत जाऊन शिखर गाठतो. तिथे थ्रस्ट अपुरा पडला तर विमान नाक वर करून, फेस उडवत कितीही किलोमीटर जाईल, पण उडणार नाही. या शिखराला हंप म्हणतात. आराखड्याच्या अहवालात ‘पाण्यावरची धाव ४०० मीटर’ असं ठळक छापलेलं असतं आणि हंपवर थ्रस्ट किती शिल्लक राहतो ते कुठेच नसतं. मी असा अहवाल तपासायला घेतला की पहिलं पान बाजूला ठेवतो आणि तो आकडा शोधतो.

जमिनीवरच्या विमानाचंच सूत्र घेतलं आणि घर्षणांक वाढवला तर?

बरेच जण हेच करतात. डांबरी धावपट्टीवर चाकांचा घर्षणांक ०.०२ ते ०.०४ असतो. त्याऐवजी ०.१५ वगैरे धरून अंतर काढलं तर उत्तर अगदी वेडंवाकडं येत नाही, आणि घोळ तिथेच होतो. सरासरी त्वरण पूर्ण धावेचं असतं, हंपचं नसतं. थंड सकाळी, ठरल्या वजनाला दोन्ही आकडे जवळजवळ असतात. ऊन तापलं आणि वजन वाढलं की सरासरी थोडीच घसरते, हंपवरचं त्वरण मात्र पार तळाला जातं. पुढच्या उदाहरणात हे दिसेल.

हंपवर पाण्यात काय होत असतं?

सुरुवातीला फ्लोट बोटीसारखा असतो. वजन पेलायला जेवढं पाणी बाजूला सारावं लागतं, तेवढं तो सारतो. वेग वाढला की तो स्वतःच एक लाट उभी करतो आणि तिच्या चढावर अडकतो: नाक वर, शेपूट खाली, मागे मोठा खळगा. याच वेळी तळाशी पाण्याचा गतिज दाब तयार होत असतो. तो पुरेसा झाला की फ्लोट वर उचलला जातो, पाणी स्टेपच्या कडेला सुटतं, मागचा भाग कोरडा होतो आणि फ्लोट पाण्याच्या पृष्ठभागावरून घसरू लागतो. याला प्लेनिंग म्हणतात. हंप म्हणजे या दोन अवस्थांमधला उंबरठा.

स्टेप नसता तर वक्र तळाला पाणी चिकटून राहिलं असतं आणि त्याने विमान खाली ओढलं असतं. तळाला मधेच दिलेली ती पायरी पाण्याला तोडते. तिची खोली साधारण बीमच्या ५ ते १० टक्के ठेवतात. बीम म्हणजे फ्लोटची किंवा हलची (उडत्या बोटीच्या नावेसारख्या धडाची) पाण्यालगतची रुंदी.

हंप कोणत्या वेगाला येईल हे कसं ठरवायचं?

उड्डाणवेगाच्या ढोबळ एक तृतीयांश ते निम्म्याच्या आसपास, असा अंदाज सर्रास वापरला जातो. पण हंपचा उड्डाणवेगाशी थेट संबंध नाही, हे लक्षात असू द्या. उड्डाणवेग हवेची घनता, पंखाचं क्षेत्रफळ आणि फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पट्टी) ठरवतात. हंपचा वेग फ्लोटचा आकार, त्यावरचा भार आणि गुरुत्वाकर्षण ठरवतात. हवा पातळ झाली तर उड्डाणवेग वाढतो, हंप जवळजवळ जागच्या जागी राहतो.

म्हणून वेग मोजायची पट्टी वेगळी लागते: पाण्यावरचा वेग भागिले √(गुरुत्वत्वरण × बीम). हा वेगांक. विल्यम फ्रूडने १८७२ मध्ये टॉर्की इथे जहाजांच्या प्रतिकृती ओढायची टाकी उभारली आणि लाटांचा रोध लहान प्रतिकृतीवरून मोठ्या जहाजाला कसा लावायचा ते दाखवलं. वेगांक ही त्याचीच सीप्लेनला बेतलेली आवृत्ती. हंप सहसा वेगांक २ ते ३.५ च्या पट्ट्यात येतो; भार जास्त असेल तर वरच्या टोकाकडे.

हंपवरचा रोध किती धरायचा?

पाण्यावर असलेल्या भाराच्या १८ ते २५ टक्के. चांगल्या आकाराच्या, लांबट हलला खालचा आकडा. जुळ्या फ्लोटना, विशेषतः जास्त भार असताना, वरचा. प्राथमिक आराखड्यात जुळ्या फ्लोटसाठी मी ०.२३ पेक्षा कमी धरत नाही. कुणी ०.१८ घेऊन आलं तर ते कोणत्या चाचणीतून आलं ते विचारतो.

भार म्हणजे एकूण वजन नव्हे; वजनातून पंखांची त्या वेगाची लिफ्ट, म्हणजे उचल, वजा करा. हंपवर ही लिफ्ट वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढीच असते, त्यामुळे विसरली तरी फार बिघडत नाही. पुढे ३० मी/सेला विसरलात तर सगळा तक्ता बिघडतो.

याच्या जोडीला भारांक बघा: भार भागिले (पाण्याचं एकक वजन × बीमचा घन). भारांक वाढला की रोध-भार गुणोत्तरही वाढतं. म्हणजे वजन वाढवल्याचा फटका दोनदा बसतो: भार वाढतो आणि त्याला गुणायचा आकडाही वाढतो.

थ्रस्ट कुठून आणायचा? इंजिनाची शक्ती तर माहीत आहे.

सर्वांत मोठी चूक इथेच होते. प्रोपेलरची कार्यक्षमता ०.८ धरायची, शक्तीला गुणायचं, वेगाने भागायचं. पुढच्या उदाहरणातल्या विमानाला, ९२५ किलोवॅटला, हे १२ मी/सेवर करून बघा: थ्रस्ट जवळपास ६२ किलोन्यूटन येतो. विमानाचं वजनच ५५.६ किलोन्यूटन आहे! तो थ्रस्ट खरा असता तर पाण्याची गरजच नव्हती, विमान सरळ वर गेलं असतं. ०.८ ही कार्यक्षमता उड्डाणातल्या वेगाची आहे. कमी वेगाला ती कोसळते.

त्याऐवजी जागेवरचा थ्रस्ट आधी काढा. आदर्श प्रोपेलरसाठी तो (२ × हवेची घनता × चकतीचं क्षेत्रफळ × शक्तीचा वर्ग) याचं घनमूळ असतो. खऱ्या प्रोपेलरला त्याच्या ७५ ते ८० टक्के द्या. मग उड्डाणवेगाचा थ्रस्ट कार्यक्षमता ०.६५ च्या आसपास धरून काढा आणि दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढा. प्रोपेलर उत्पादकाची वक्ररेषा हाती आली की ही रेघ फेकून द्या. तोवर हीच बरी.

एक पूर्ण उदाहरण द्याल का?

ट्विन ऑटर सीरिज ३०० च्या मापाचं विमान घेऊ. ३१ ऑक्टोबर २०२० ला साबरमती ते केवडिया सेवा ट्विन ऑटरनेच सुरू झाली, त्यामुळे आपल्याकडे हे विमान अनेकांना फोटोंतून तरी ओळखीचं आहे. वजन ५६७० किलो, पंखाचं क्षेत्रफळ ३९ चौरस मीटर, ६२० अश्वशक्तीची दोन टर्बोप्रॉप, प्रोपेलरचा व्यास २.५९ मीटर. बाकी सगळं माझं गृहीतक आहे, उत्पादकाच्या पुस्तिकेतलं नव्हे: उड्डाणाच्या क्षणी लिफ्ट गुणांक १.७, प्रत्येक फ्लोटचा बीम १.३ मीटर, समुद्रसपाटी, प्रमाण हवा, वारा नाही.

उड्डाणवेग येतो ३७ मी/से, म्हणजे ताशी १३३ किमी. जागेवरचा आदर्श थ्रस्ट प्रत्येक इंजिनामागे १४ किलोन्यूटन. ७७ टक्के धरून दोन्हींचा मिळून २१.६. उड्डाणवेगाला १६. हंप १२ मी/सेवर धरतो, वेगांक ३.४.

| वेग (मी/से) | पाण्यावरचा भार (किलोन्यूटन) | एकूण रोध, हवेसह (किलोन्यूटन) | थ्रस्ट (किलोन्यूटन) | त्वरण (मी/से²) |
|---|---|---|---|---|
| ० | ५५.६ | ० | २१.६ | ३.८ |
| ७ | ५४ | ६.६ | २०.५ | २.४ |
| १२ | ५०.४ | १२.० | १९.८ | १.४ |
| २० | ४४.१ | ९.० | १८.६ | १.७ |
| ३० | २८.७ | ८.० | १७.१ | १.६ |
| ३७ | ० | ४.२ | १६.० | २.१ |

प्रत्येक टप्प्यात त्वरणाचा व्यस्त घेऊन वेगाने बेरीज केली की वेळ मिळतो, आणि वेग भागिले त्वरण याची बेरीज केली की अंतर. इथे वेळ सुमारे २० सेकंद आणि अंतर सुमारे ४०० मीटर येतं. सहा ओळी पुरतात. साठ ओळी केल्या तर उत्तर जास्त गुळगुळीत दिसेल, पण जास्त खरं होणार नाही, कारण ०.२३ चा अंदाज तोच राहतो.

दोन गोष्टी तक्त्यात नीट बघा. हंपवर ७.८ किलोन्यूटन शिल्लक आहेत. थ्रस्ट रोधाच्या १.६५ पट. आणि हंप ओलांडल्यावर त्वरण फारसं सुधारत नाही. पाण्याचा रोध घटतो, तसा थ्रस्टही घटतो आणि हवेचा ड्रॅग वाढतो. प्लेनिंगमध्ये आलं म्हणजे झालं, असं नसतं.

डोंगरातल्या जलाशयावर, उन्हाळ्यात काय होईल?

महाराष्ट्राच्या दृष्टीने हाच खरा प्रश्न आहे. २०१४ मध्ये जुहू ते पवना अशी सीप्लेन सेवा सुरू झाली होती, आणि डिसेंबर २०१७ मध्ये गिरगाव चौपाटीसमोर कोडियाक विमानाचं प्रात्यक्षिक झालं. चौपाटी म्हणजे समुद्रसपाटी. पवना धरणाचं पाणी सुमारे ६०० मीटर उंचीवर. विमान एकच, हिशेब मात्र दोन.

६०० मीटर आणि ३५ अंश सेल्सियस धरा. हवेची घनता १.२२५ वरून १.०७ वर येते. उड्डाणवेग ३७ चा ३९.६ मी/से होतो. थ्रस्ट १२ टक्के घटला असं समजू. तो किती घटेल हे इंजिनावर आहे, कारण काही इंजिनं एका तापमानापर्यंत पूर्ण शक्ती टिकवतात. हंप १२ मी/सेवरच आहे आणि तिथला रोध १२.१ किलोन्यूटन, म्हणजे जवळपास होता तेवढाच. थ्रस्ट १७.४. शिल्लक ५.३, त्वरण ०.९४.

थ्रस्ट १२ टक्क्यांनी घटला आणि हंपवरचं त्वरण ३२ टक्क्यांनी. मोठ्या आकड्यातून मोठा आकडा वजा करून जो लहान आकडा उरतो त्यावर सगळं चालतं, त्यामुळे असं होतं.

धरणाच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. हवा सर्वांत तापते एप्रिल-मेमध्ये, आणि धरणं सर्वांत आटलेली असतात तीही तेव्हाच. जास्त लांबी लागते तेव्हाच पाण्याची लांबी सर्वांत कमी आणि काठाचे खडक उघडे पडलेले. जलाशयाची लांबी नकाशावरून, म्हणजे पूर्ण भरलेल्या पातळीवरून मोजू नका. उन्हाळ्यातल्या नीचतम पातळीची घ्या.

ही डोकेदुखी नवी नाही. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात इम्पीरियल एअरवेजच्या एम्पायर उडत्या बोटी कराचीहून कलकत्त्याकडे जाताना राजसमंद, ग्वाल्हेर, अलाहाबाद इथे पाण्यावर उतरत. राजस्थानच्या उन्हात अंतर्देशीय तलावावरून भरलेली बोट उचलायची म्हणजे त्या वैमानिकांनी हीच वजाबाकी रोज केली असणार.

आणि दहा टक्के वजन जास्त झालं तर?

आराखड्यात वजन वाढतंच, त्यामुळे हे गणित आधीच करून ठेवा. समुद्रसपाटी, प्रमाण हवा, वजन ६२३७ किलो. हंपवरचा भार ५६ किलोन्यूटन. भारांक वाढल्यामुळे गुणोत्तर ०.२३ ऐवजी ०.२५ धरतो. रोध १४.४, शिल्लक ५.४, त्वरण ०.८७. म्हणजे ३७ टक्के घट.

आता ऊन, उंची आणि जादा वजन एकत्र करा. थ्रस्ट १७.४, रोध १४.५, शिल्लक २.९, त्वरण ०.४६: मूळच्या एक तृतीयांश. आणि रोधाचा अंदाज इथे १० टक्क्यांनी चुकला, जे सहज शक्य आहे, तर शिल्लक निम्मी होते. अशा स्थितीत ‘धाव अमुक मीटर’ असं लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ‘हंपवर थ्रस्ट रोधाच्या १.२ पट, उड्डाण खात्रीचं नाही’ असं लिहा. माझ्या मते, सर्वांत वाईट स्थितीतही हे प्रमाण प्राथमिक आराखड्यात १.२५ च्या खाली जाऊ देऊ नये. हा नियमावलीतला आकडा नव्हे, अंदाजातल्या चुकांसाठी ठेवलेली जागा आहे.

प्लेनिंगच्या टप्प्यासाठी सावित्स्कीची समीकरणं वापरू का?

वापरा, पण त्यांची हद्द ओळखून. प्लेनिंग करणारा तळ किती भार उचलतो आणि किती रोध देतो हे सांगणारी, १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेली ही समीकरणं एकसारख्या व्ही-आकाराच्या तळासाठी आहेत. ट्रिम (तळाचा पाण्याच्या पातळीशी होणारा कोन, म्हणजे नाक किती वर आहे ते) २ ते १५ अंश, भिजलेली लांबी बीमच्या ४ पटींपर्यंत, वेगांक ०.६ ते १३. सीप्लेनच्या तळाचा पुढचा भाग या चौकटीत बऱ्यापैकी बसतो. स्टेपच्या मागचा भाग बसत नाही, आणि हंपवर मागचा भाग भिजलेलाच असतो. म्हणून हंपसाठी चाचण्यांचे आलेख आणि हंप ओलांडल्यावर सावित्स्की, अशी वाटणी करा.

पडताळणीला त्यांचा चांगला उपयोग होतो. तक्त्यात २० मी/सेवर भार ४४.१ किलोन्यूटन आणि पाण्याचा रोध ७.९ धरला आहे. ट्रिम ६ अंश असेल तर दाबामुळे येणारा रोध भार गुणिले ट्रिमचा टॅन्जंट, म्हणजे ४.६. उरलेले ३.३ घर्षणाचे. घर्षणगुणांक ०.००३ धरला तर भिजलेलं क्षेत्रफळ साडेपाच चौरस मीटर लागतं, म्हणजे प्रत्येक फ्लोटची साधारण दोन मीटर लांबी भिजलेली. सावित्स्कीने एवढा भार उचलायला, तळाच्या व्हीचा कोन आडव्यापासून २० ते २५ अंश धरून, दोन मीटरच्या थोडीशी आतलीच लांबी येते. जुळलं. इथे दोन मीटरऐवजी सहा मीटर आली असती तर गुणोत्तराचा अंदाज मुळातून तपासावा लागला असता.

ट्रिम कोणती धरायची?

हंपवर ट्रिम तुम्ही ठरवत नाही, पाणी ठरवतं. तिथे ती ८ ते १२ अंशांपर्यंत जाते आणि एलेव्हेटरला (शेपटावरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या पट्टीला) एवढ्या कमी वेगात फारसं बळ नसतं. पुढे प्लेनिंगमध्ये वैमानिकाच्या हाती लगाम येतो. नाक फार वर ठेवलं तर दाबाचा रोध वाढतो, फार खाली ठेवलं तर भिजलेली लांबी आणि घर्षण वाढतं. मधे कुठेतरी, बहुधा ५ ते ७ अंशांवर, किमान रोध मिळतो.

पंख फ्लोटवर कोणत्या कोनात बसवायचे हा निर्णय इथून सुटतो. प्लेनिंगच्या उत्तम ट्रिमला पंखाला पुरेशी लिफ्ट मिळाली पाहिजे आणि उडताना फ्लोट हवेत आडवा-तिडवा राहायला नको. दोन्ही एकदम मिळत नाही, तडजोड करावी लागते.

उड्डाणवेगाच्या जवळ आणखी एक लहानसा हंप दिसू शकतो. नाक जास्त वर ओढलं किंवा मागच्या भागाचा कोन कमी दिला, की फ्लोटच्या शेपटाला स्वतःच्याच लाटेचं पाणी लागतं.

पोर्पॉइजिंगचा विचार आत्ताच करायचा का?

नोंद ठेवा, गणित नको. प्लेनिंगमध्ये विमान वर-खाली आणि नाक-शेपूट असं एकदमच झुलू लागतं, आणि ते झुलणं वाढत जातं, याला पोर्पॉइजिंग म्हणतात. ट्रिमला खालची आणि वरची अशा दोन मर्यादा असतात. त्यांच्या मधल्या पट्ट्यातून विमान न्यावं लागतं. गुरुत्वमध्य स्टेपच्या थोडा पुढे ठेवा आणि बाकीचं टाकीतल्या चाचणीवर सोडा.

वारा समोरून असेल तर हंप सोपा होतो?

आश्चर्य वाटेल, पण जवळजवळ नाही. ५ मी/सेचा समोरचा वारा घ्या. पाण्यावर १२ मी/से असताना हवेतला वेग १७ होतो, लिफ्ट दुप्पट होते, भार ४५ किलोन्यूटनवर येतो आणि एकूण रोध १२ वरून ११.२ वर. पण प्रोपेलरलाही १७ मी/सेचीच हवा भेटते, त्यामुळे थ्रस्ट १९ वर येतो. शिल्लक पुन्हा ७.८. फायदा पुढे होतो: पाण्यावर ३७ ऐवजी ३२ मी/सेलाच विमान सुटतं आणि धाव ४०० ची ३०० मीटरच्या आसपास येते. अंतराच्या रकान्यात वाऱ्याचं श्रेय घ्या, हंपच्या रकान्यात घेऊ नका.

पाण्याचा पृष्ठभाग मात्र हंपवर आणि नंतरही जाणवतो. बारीक लाटा मदत करतात, कारण तळाखाली हवा शिरते. आरशासारखं निश्चल पाणी सर्वांत चिकट. अशा वेळी हलक्या फ्लोट-विमानांचे वैमानिक स्वतःच फेरी मारून पाणी ढवळून घेतात, किंवा एलेरॉन (विमान एका बाजूला कलवणारी पंखावरची पट्टी) देऊन आधी एक फ्लोट सोडवतात. आराखड्याचं गणित मात्र कुणी मदत करणार नाही असं धरूनच करायचं.

एक इंजिन बंद पडलं तर?

हंपच्या आधी बंद पडलं तर प्रश्न मिटला: आपल्या उदाहरणात एका इंजिनाचे ९.९ किलोन्यूटन, रोध १२. विमान प्लेनिंगमध्ये येणारच नाही. पॉवर काढायची आणि बोटीसारखं परत यायचं. पुढे मोकळं पाणी असेल तर ही तशी सुखाची अवस्था आहे. हंप ओलांडल्यावर, ३० मी/सेवर, एका इंजिनाचा थ्रस्ट साडेआठ आणि रोध आठ. विमान पुढे जात राहील, वेग मात्र नावालाच वाढेल, आणि सरळ ठेवायला रडर पुरेल का हा वेगळाच प्रश्न.

फ्लोटचा आकार कुठून ठरवायचा?

तरंगण्यापासून सुरुवात करा. अमेरिकन नियमांनुसार विमानाचं कमाल वजन गोड्या पाण्यात पेलायला जेवढी उत्प्लावकता लागते, तिच्यावर ८० टक्के जास्त फ्लोटमध्ये हवी. ५६७० किलोला हे मिळून सुमारे १०.२ घनमीटर, म्हणजे प्रत्येक फ्लोटमध्ये ५.१. मग बीम निवडा. बीम १० टक्क्यांनी वाढवला तर भारांक २५ टक्के उतरतो, कारण बीमचा घन छेदात आहे. हंपसाठी हे फार स्वस्त औषध वाटतं. त्याचे दुष्परिणाम नंतर दिसतात: हवेतला ड्रॅग, फ्लोटचं वजन, आणि लाटेवर आदळताना तळावर येणारा भार. तळाचा व्ही खोल केला तर आदळणं सौम्य होतं, पण रोध वाढतो.

हंप जमतच नसेल तर काय बदलावं?

आधी प्रोपेलर. त्याच शक्तीत व्यास वाढवला की जागेवरचा थ्रस्ट वाढतो, पण पाण्याचे तुषार पात्यांना झिजवतात, म्हणून खालची मोकळी जागा तपासा. मग बीम. मग वजन. इंजिन बदलणं सर्वांत शेवटी, कारण त्याने बाकी सगळंच हलतं.

फ्लॅपने हंप सुटत नाही. तो उड्डाणवेग उतरवतो. उड्डाणवेग उतरवण्याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जपानची शिनमायवा यूएस-२. पंखावरच्या हवेच्या थराला फुंकर देण्यासाठी त्यात वेगळं इंजिनच आहे, आणि ४३ टन वजनाला पाण्यावरची धाव २८० मीटर दिली जाते. भारतीय नौदलासाठी तिची बोलणी बराच काळ चालली होती.

जुन्या लोकांनी तर वजनाचा प्रश्नच हवेत नेऊन सोडवला. विमान जेवढं वजन घेऊन उडत राहू शकतं, तेवढं घेऊन ते पाण्यातून सुटू शकत नाही, हे ओळखून शॉर्ट कंपनीने १९३८ मध्ये ‘माया’ या उडत्या बोटीच्या पाठीवर ‘मर्क्युरी’ हे भरलेलं फ्लोट-विमान बसवून हवेत सोडलं. त्या जुलैत मर्क्युरीने आयर्लंडमधल्या फॉइन्सहून मॉन्ट्रियल गाठलं.

कम्प्युटरवर पाण्याच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करून हे सगळं टाळता येईल का?

फ्लोटच्या रेषा ठरल्यावर, हो, काही अंशी. या टप्प्यावर नाही, कारण सिम्युलेशनला द्यायला आकारच नसतो. हंपवर पाणी तुटतं, तुषार उडतात, हवा मिसळते आणि ट्रिम स्वतः बदलत राहते. हे नीट पकडायला बारीक जाळी आणि भरपूर वेळ लागतो. त्याआधी ‘नाका’चे (NACA, अमेरिकेची विमानसंशोधन संस्था, नासाची पूर्वज) जुने अहवाल काढा. १९३१ मध्ये लँगलीला ओढटाकी सुरू झाल्यापासून तिथे हलच्या कितीतरी घराण्यांची पद्धतशीर चाचणी झाली, आणि ते आलेख आज कुणालाही मोफत बघता येतात. तुमच्या बीम-लांबीच्या प्रमाणाला आणि तळाच्या कोनाला जवळचं एक घराणं निवडा, तुमचा भारांक घाला, हंपचं गुणोत्तर वाचा आणि वरच्या तक्त्यातला ०.२३ खोडून तो आकडा लिहा. आलेख हलचा असेल आणि विमान जुळ्या फ्लोटचं, तर त्यावर थोडी भर घाला: दोन फ्लोटच्या मधल्या पाण्यात लाटा एकमेकींवर चढतात.